गांधीनगरचा बस्ता : साड्यांना साडेचार स्टार, पार्किंगला भोपळा

दुकानाचं नाव लिहिणार नाही, आधीच सांगते. कारणं दोन. एक म्हणजे दुकानातल्या आजोबांना मी तसा शब्द दिलाय, आणि तो नुसता तोंडी नाही, छापील कागदावर आहे, वर विद्यापीठाचा लोगो आहे. दुसरं म्हणजे तेच म्हणाले, नाव टाकून काय करतेस, लग्नसराईत तसंही इथं पाय ठेवायला जागा नसते. तर कोल्हापूरजवळचं गांधीनगर, मेन रोडवरून आत वळलं की एक कापडाचं दुकान, बाहेरून शेजारच्या दहा दुकानांसारखंच, फक्त दारात स्टुलावर पाण्याचा स्टीलचा जग ठेवलेला असतो. जग दिसला की चपला काढायच्या. एवढ्यावर सापडलं तर सापडलं.

मी गेले होते दोन कामं घेऊन. ताईचं लग्न वैशाखात, तिचा बस्ता बांधायचा होता. आणि मी एका प्रोजेक्टवर फिल्ड असिस्टंट आहे, विषय आहे स्थलांतर, निर्वासित आणि सांस्कृतिक विविधता, म्हणजे विषय इतका लांबलचक की गावात कुणी विचारलं तर मी नुसतं "समाजशास्त्र" म्हणते आणि विषय बदलते. सरांनी गांधीनगरमधल्या, फाळणीत सिंध सोडून आलेल्या कुटुंबांच्या पंधरा मुलाखती माझ्या गळ्यात घातलेल्या. आई म्हणाली एकाच दिवशी दोन्ही उरकून टाकू, बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात असली म्हणून काय गडहिंग्लजवरून रोज उठून यायचं का. म्हणून मग आई, ताई, आत्या आणि मी अशा चौघी निघालो. आत्याला विचारायचं नव्हतंच, तिला बस्त्याला नेलं नसतं तर लग्नाला आली नसती.

कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडला उतरून केएमटीची सिटी बस धरली. तावडे हॉटेल सोडलं की बस चालत नाही, सरकते. होलसेलचा बाजार असल्यामुळं सगळीकडं टेम्पो, हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे, आणि मधेच एखादी नवरी पोरगी तोंड पाडून उभी कारण तिला काय आवडलंय ते कुणी विचारलेलंच नसतं. साडेदहाला पोचलात तर बसायला गादी मिळेल, बारानंतर गेलात तर उभ्यानं साड्या बघायच्या, हे लक्षात ठेवा.

आता सर्व्हिसबद्दल, कारण या दुकानात खरी बघण्यासारखी गोष्ट तीच आहे. आम्ही बसलो, पाणी आलं, पाण्याबरोबर भाजलेला पापड आला. दुकान सिंधी कुटुंबाचं, आणि सिंध्यांकडं पाहुण्याला पापड-पाणी देतात हे मी वाचलेलं होतं, माझ्या वहीत त्यावर अर्धं पान नोट्स आहेत, पण सकाळी अकराच्या उन्हात तो पापड हातात आल्यावर कळलं की यात नोट्स काढण्यासारखं काय नाही, तहान लागलेल्या माणसाला नुसतं पाणी बाधतं म्हणतात, एवढंच. मग सेल्समन आला, चाळिशीचा, गळ्यात टेप. साडी एक काढली नाही. आधी विचारलं, गाव कुठलं. मग, नवरीकडचे का नवऱ्याकडचे. मग, देणं दोन्हीकडचं का एकीकडचं. सासू नऊवारी नेसते का सहावारी. मानपानाच्या किती, आहेराच्या किती. आणि शेवटी ताईकडं बघून, ताई तुमचा रंग कुठला ठरलाय का आत्याच ठरवणारेत. सहा प्रश्न. आत्या हसली, तिथंच ती पडली आणि आमचं बजेट पण.

माझ्या बॅगेत ४२ प्रश्नांची प्रश्नावली होती. चार विभाग, त्यात काही प्रश्न एक ते पाच गुण द्यायचे, "आपणांस या परिसराशी आपलेपणा कितपत वाटतो" वगैरे. ती भरून घ्यायला दीड तास लागतो आणि दीड तासानंतर समोरच्याबद्दल मला जेवढं कळतं त्याच्या दुप्पट त्या माणसाला पाच मिनिटांत आमच्या घराबद्दल कळलं. आमच्याकडं कोण रुसतं हेसुद्धा.

शेजारच्या गादीवर चिकोडीकडचं एक कुटुंब होतं, त्यांच्याशी हाच माणूस कानडीत बोलत होता आणि न सांगता इरकलच्या थप्प्या काढून देत होता. पलीकडं सावंतवाडीच्या दोघी होत्या, त्यांच्याशी बोलताना त्याचं मराठी आपोआप मालवणीकडं झुकलं. मालकांशी सिंधी, सुरतेच्या फोनवर हिंदी. स्वतः तो शिरोळ तालुक्यातला, जैन, सिंधी दुकानात राहून शिकला. आमच्या प्रोजेक्टच्या प्रस्तावात "बहुभाषिक अवकाश" असा एक शब्द आहे, त्यावर सरांनी दोन पानं लिहिलीत. तो अवकाश गळ्यात टेप घालून फिरतो हे मला त्या दिवशी कळलं.

माल कसा आहे ते सांगते. मानपानाच्या साड्या २८० पासून, आम्ही ३४० च्या घेतल्या, चोवीस. याच क्वालिटीला गडहिंग्लजमध्ये साडेचारशे सांगतात, मी स्वतः विचारून आले होते. ब्लाऊजपीस डझनावर. टॉवेल-टोपी, शर्टपीस-पँटपीसचे बॉक्स, धोतर, उपरणी सगळं एका छताखाली. शालूला मात्र इथं चॉइस कमी आहे, म्हणजे दहा-बारा दाखवले, त्यातला एक ६,५०० चा ताईला आवडला, आत्याला नाही, म्हणून ताईला जास्त आवडला. फेटे यांच्याकडं नाहीत, शेजारच्या गल्लीत मिळतात. किमतीच्या चिठ्ठ्या कशावरच नाहीत, आकडा तोंडी, त्यामुळं ज्याला घासाघीस जमत नाही त्यानं आत्या घेऊन जावं. पक्कं बिल मागितलं की मिळतं, तोंड वाकडं करत नाहीत. एकूण झाले ४१,१५०.

आता ते आजोबा. दुकानाच्या आत उजव्या हाताला त्यांची गादी, वय ऐंशीच्या वर, पांढरा लेंगा-शर्ट, सगळे त्यांना दादा म्हणतात. हिशेब मुलगा बघतो, नातू कॉम्प्युटरवर असतो, दादा फक्त बसतात आणि गिऱ्हाईक जाताना त्याच्या पिशवीकडं बघतात. मी बस्त्याच्या गडबडीतून हळूच सरकून त्यांच्याकडं गेले, ओळख सांगितली, आणि प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारला. आपण मूळचे कुठून आलात?

म्हणाले, घरातून. सकाळी नऊला येतो.

मी म्हटलं नाही दादा, म्हणजे त्याआधी. तर म्हणाले, आता बघ पोरी, गेल्या दहा-बारा वर्षांत तुझ्यासारखे बरेच येऊन गेले, पुण्याचे, मुंबईचे, एक बाई तर परदेशातून आली. सगळ्यांना ट्रेन पाहिजे. रक्तानं भरलेली. आम्ही बोटीनं आलो, आता ट्रेन कुठून आणू?

यावर मी बस्ता विसरून तिथंच मांडी घातली, कारण दादांनी एका वाक्यात जे सांगितलं ते अभ्यासातल्या लोकांनी कबूल करायला कितीतरी वर्षं घेतली. फाळणीवरचं संशोधन बराच काळ पंजाब आणि तिथल्या कत्तलीच्या ट्रेन यांभोवतीच फिरत राहिलं. सिंधची गोष्ट वेगळी. तिथली फाळणी नकाशावर झालीच नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला, पंजाबसारखी अर्ध्या गावांची वाटणी झाली नाही. सुरुवातीला बरेच हिंदू सिंधी थांबले, दुकानं चालू ठेवली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग लोंढा निघाला, त्यातले खूपसे कराची बंदरातून बोटीनं. मुंबईला उतरायचं, तिथून सरकार पाठवील त्या छावणीत. कल्याणजवळ लष्कराची छावणी होती तिचं उल्हासनगर झालं, पुण्यात पिंपरी, आणि इथं कोल्हापूरला वळिवड्याच्या बराकी, त्यांचंच हे गांधीनगर झालं. दादा तेव्हा चार वर्षांचे. बोटीत त्यांना उलट्या झाल्या एवढंच स्वतःचं आठवतं म्हणाले, बाकी सगळं आईनं सांगितलेलं, "आणि आई दर वेळी वेगळं सांगायची."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वळिवड्याच्या या बराकी सिंध्यांसाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्यांच्या आधी तिथं पोलंडचे लोक होते. कोल्हापूरच्या कितीतरी लोकांना हे आत्ता आत्ता कळलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकाचे फोटो आले तेव्हा. पोलंडमध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे यावर आमच्या शेजारच्या काकांनी दोन दिवस विश्वास ठेवला नव्हता. झालं असं की दुसऱ्या महायुद्धात रशियानं पूर्व पोलंड घेतला आणि १९४०-४१ मध्ये तिथल्या लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तानकडं हाकललं. १९४१ ला हिटलर रशियावर चालून आल्यावर समझोता होऊन ते सुटले, मग इराण, तिथून कराची, आणि १९४३ पासून वळिवडे. सुमारे ५,००० लोक, बहुतेक बायका आणि पोरं, कारण पुरुष एकतर सैन्यात नाहीतर मागंच मेलेले. इथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना, नाटकं पण. १९४७-४८ च्या सुमारास ते पांगले, कुणी इंग्लंड, कुणी आफ्रिका, कुणी ऑस्ट्रेलिया. एक मुलगी कोल्हापुरातल्याच माणसाशी लग्न करून इथली झाली.

कराची दोन्हीकडं आहे, लक्षात आलं का? पोलंडवाले कराचीमार्गे इथं आले, पाच वर्षांनी कराचीतून निघालेले लोक त्यांच्याच खोल्यांत आले. मला हे माझ्या वहीत बाण काढून दाखवताना फार भारी वाटलं होतं. दादांना दाखवलं तर म्हणाले, हां, बंदर आहे, लोक येणार जाणार.

पण मग त्यांनी स्वतःहून एक सांगितलं. त्यांना मिळालेल्या खोलीत दाराच्या वर भिंतीत एक खिळा होता, चांगला जाड, आणि त्याच्याभोवती चुना थोडा फिका होता, उभ्या-आडव्या आकारात. त्यांच्या आईनं त्याच खिळ्याला झूलेलालचा, म्हणजे सिंध्यांच्या दैवताचा फोटो लावला. फोटो लहान होता, मागचा तो फिका आकार दोन्ही बाजूंनी बाहेर दिसायचा, आणि वडलांनी कधी त्यावर चुना मारला नाही. का नाही मारला विचारलं तर म्हणाले, चुन्याला पैसे लागतात. मी हे वहीत लिहिलं, मग "चुन्याला पैसे लागतात" याच्याखाली रेघ मारली, मग ती रेघ खोडली. सरांनी वाचलं तर ते याचं काहीतरी करतील अशी भीती वाटली.

निर्वासित हा शब्द मी दादांसमोर एकदाच वापरला. चेहरा बदलला नाही पण हातातला पेला खाली ठेवला. म्हणाले शाळेत आम्हाला पोरं निर्वाश्या म्हणायची, वडील म्हणायचे आपण रेफ्युजी नाही, पुरुषार्थी. हा पुरुषार्थी शब्द पंजाबी आणि सिंधी लोकांनी तेव्हा मुद्दाम धरला होता, हात पसरणारे नाही, कमवून खाणारे, असा. आणि गंमत म्हणजे कायद्यानंही ते बरोबरच बोलत होते. जगभर निर्वासिताची जी व्याख्या धरतात ती १९५१ च्या जिनिव्हा कराराची, तो मुळात १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घटनांपुरता होता, ही अट १९६७ च्या पूरक करारानं काढली, आणि भारतानं दोन्हींवर आजतागायत सही केलेली नाही. शिवाय सिंधी लोक इथं आले ते परके म्हणून नाही, या देशाचे नागरिक म्हणून. आपल्याकडं त्यांच्यासाठी १९५४ चा भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा झाला, त्यात शब्द आहे विस्थापित. म्हणजे आमच्या प्रोजेक्टच्या नावात जो शब्द आहे तो ज्यांच्यावर आम्ही प्रोजेक्ट करतोय त्यांना कायद्यानं लागू नाही आणि मनानंही नको आहे. हे मी सरांना मेसेज करून कळवलं, त्यांनी अंगठा पाठवला.

सरांनीच मला सुरुवातीला बार्बरा हॅरल-बाँड वाचायला दिलेलं. १९८२ ला ऑक्सफर्डमध्ये निर्वासितांच्या अभ्यासाचं केंद्र काढणारी बाई. सुदानमधल्या युगांडाच्या निर्वासितांत राहून तिनं लिहिलं की मदत करणाऱ्या संस्था लोकांना लाचार समजूनच मदत करतात आणि त्यांच्या स्वतःच्या हिकमतीकडं बघत नाहीत. वाचताना मी पेन्सिलनं बऱ्याच खुणा केल्या होत्या. दादांचं ऐका. रेशन मिळायचं, ते म्हणाले, पण आम्हाला रेशन नको होतं, गिऱ्हाईक पाहिजे होतं. वडील खांद्यावर कापडाचा गठ्ठा टाकून खेड्याखेड्यात जायचे, उधारीवर द्यायचे, आठवड्यानं वसुली. मराठी येत नव्हतं, तर पहिले शब्द शिकले आकडे आणि "पुढच्या बाजारी द्या." गिऱ्हाइकाला नको म्हणायला लागू नये असा भाव सांगायचा, एवढंच त्यांचं तत्त्व. त्या गठ्ठ्याचं दुकान झालं, आणि आता इथं कोकण, गोवा, बेळगाव, सांगली, साताऱ्याकडनं लोक येतात.

मग दादांनी नातवाला हाक मारली आणि माळ्यावरनं एक लाल कापडाची वही काढायला लावली. वडलांची, पन्नासच्या दशकातली. उघडली तर काय, एक अक्षर वाचता येईना. देवनागरी नाही, उर्दूसारखी पण नाही. हटवाणिका. सिंधी व्यापारी हिशेबाला ही लिपी वापरायचे, त्यात काना-मात्रा नीट देत नाहीत, ज्यानं लिहिलं त्यालाच लागतं. दादांना फक्त आकडे वाचता येतात, कारण ते शाळेत सिंधी शिकले ते अरबी लिपीत आणि बाकी मराठी. मुलाला सिंधी बोलता येतं, वाचता नाही. नातू टॅलीवर. सिंधी १९६७ ला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत गेली, दहाची नोट तरी काढून बघ म्हणाले, सिंधी कुठाय. मी खरंच काढून बघितली, नाहीये.

एका पानावर मधेच तीन शब्द मोडक्या देवनागरीत होते, "रूकडी पाटीलबाई बाकी." मी विचारलं हे मराठीत का लिहिलं, तर दादा म्हणाले, ते त्या बाईनं लिहिलंय, वडलांनी तिच्याकडनंच लिहून घेतलं, म्हणजे तिला लक्षात राहील. वहीचे फोटो काढू का विचारलं. म्हणाले, बाकीदारांची नावं आहेत, त्यांची नातवंडं अजून दुकानात येतात, नको. सत्तर वर्षांपूर्वीची उधारी आणि गुप्तता अजून शाबूत. आमच्याकडं यासाठी विद्यापीठाची नैतिकता समिती असते.

आता संमतीपत्र. नियमाप्रमाणं मुलाखतीआधी सही घ्यायची असते, मी बोलण्याच्या नादात विसरले, शेवटी काढलं. दादांनी चष्मा लावून दोन्ही पानं पूर्ण वाचली, आजपर्यंत एकाही माणसानं पूर्ण वाचलेली नव्हती. "मी कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकतो" या वाक्यावर थांबले. म्हणाले, माल दिल्यावर माघार कशी घेणार? बोललो ते बोललो. आणि सही चेकवर सुद्धा मी विचार करून करतो, ठेव इथं, बघतो. कागद गल्ल्याखाली गेला.

एवढ्यात आत्यानं हाक मारली कारण ओटीच्या साडीवरनं आई आणि ती एकमेकींशी बोलेनाश्या झाल्या होत्या. ते मिटेपर्यंत जेवणाची वेळ. दुकानात बायकांसाठी टॉयलेट नाही, हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, चार-पाच तास बसायचं ठिकाण आहे आणि गिऱ्हाइकं सगळ्या बायका. विचारलं तर शेजारच्या दुकानात पाठवतात. एक स्टार तिथं कापला. जेवायला बाहेर वडापाव, मिसळ मिळते, आणि एका गाड्यावर दाल-पकवान खाल्लं, कडक मैद्याची पुरी आणि वर चणाडाळ, कांदा, चिंचेची चटणी. आत्या म्हणाली, ही कसली पुरी, मोडतीय. दोन खाल्ल्या.

दुकानात थप्प्या काढून देणारा एक पोरगा होता, विशी-बाविशीचा, गोंडा जिल्ह्याचा, यूपी. दिवसभर शिडीवर. लॉकडाऊनमध्ये पोरगाच होता, चुलत्याबरोबर श्रमिक ट्रेननं गावी गेला, दोन वर्षांनी परत आला. त्याच्याशी मी जेमतेम दहा मिनिटं बोलले तेही जिन्यात. आमच्या पंधरा नावांच्या यादीत तो बसत नाही, यादी फाळणीच्या कुटुंबांची आहे. त्यानं विचारलं, दीदी वो दादाजी से क्या पूछ रही थीं इतनी देर? सांगितलं. म्हणाला, अच्छा, पुराना वाला. आणि वर चढून गेला. परतीच्या प्रवासात मला सगळ्यात जास्त हेच आठवत होतं.

आणि आईचं राहिलंच. बसमध्ये तिनं विचारलं, तुझ्या अभ्यासात नेमकं असतं काय. मी सोपं करून सांगायला रॅव्हनस्टाइन घेतला, १८८५ ला लंडनमध्ये त्यानं जनगणनेचे आकडे घेऊन स्थलांतराचे नियम मांडले, त्यात एक असा की कमी अंतरावर पुरुषांपेक्षा बायकाच जास्त स्थलांतर करतात. आपल्याकडं तर आहेच, २०११ च्या जनगणनेत ४५ कोटींच्या वर स्थलांतरित मोजले आणि बायकांच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण लग्न. आई थोडा वेळ खिडकीतनं बघत बसली. मग म्हणाली, म्हणजे मी पण त्यातच की, आजऱ्याहून आले. मला कुणी प्रश्नावली नाही दिली. ताई मांडीवर शालूची पिशवी घेऊन झोपली होती, ती लग्न होऊन चिंचवडला जाणार.

पार्किंग. गठ्ठे न्यायला संध्याकाळी मामा ओम्नी घेऊन आला, चाळीस मिनिटं गल्लीतनं गोल फिरला, शेवटी एका टेम्पोमागं दोन चाकं गटारावर ठेवून उभा राहिला आणि तिथंच कुणीतरी आरसा मोडून गेलं. दुकानाची चूक नाही म्हणा, पण भोपळा तो भोपळाच. मोठी गाडी नेऊ नका. गठ्ठे हमालाकडनं मेन रोडला आणून घ्या, पैसे आधी ठरवा.

मधे मुलाखतींसाठी परत गेले तेव्हा वळिवड्यात २०१९ ला उभारलेला पोलंडवाल्यांचा स्मृतिस्तंभ बघून आले. त्या वर्षी ऑगस्टात महापूर आणि १४ सप्टेंबरला पोलंडचे पाहुणे, त्यात लहानपणी इथं राहिलेले म्हातारे पण होते. बस्त्याला गेलात तर वेळ काढून जाऊन या, लांब नाही. मी गेले तेव्हा तिथं एकटीच होते.

तक्रार एकच पण खरी. घरी येऊन बघितलं तर मानपानातल्या चोवीसपैकी दोन साड्यांना पदराजवळ धागे निघालेले, आणि खणाचा फिरोजी रंग पहिल्या पाण्यात अर्धा बादलीत. दुकानाचा नियम, पैसे परत नाही, आठ दिवसांत बदलून, आणि बिल पाहिजे. आम्ही दहाव्या दिवशी गेलो. मुलगा म्हणाला, नियम नियम आहे. वीस मिनिटं घोळ, माझा आवाज चढला, दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर मला "मॅडम, ओरडू नका" ऐकवलं, ते मला आवडलेलं नाही आणि म्हणून अर्धा स्टार अजून कमी. शेवटी आतून दादांनी विचारलं, कुठलं गाव? गडहिंग्लज म्हटल्यावर मुलाला सिंधीत काहीतरी म्हणाले. साड्या बदलून मिळाल्या, खण पण. त्यांच्या बदल्यात एक वरची क्वालिटी घेतली, फरक ११० रुपये, माझ्याकडं सुट्टे नव्हते. दादा म्हणाले राहू दे, पुढच्या बाजारी दे.

आणि गल्ल्याखालनं कागद काढून त्याच्या पाठीमागं लिहिलं, गडहिंग्लज, बाकी ११०, खाली तारीख, खाली सही. माझं संमतीपत्र होतं ते. पुढची बाजू कोरी. कागद त्यांनी परत गल्ल्याखाली सरकवला, मी फोटो काढू दिला तर बरं म्हटल्यावर काढू दिला, आता बाकी तुझीच आहे म्हणाले, मग काय. सरांना पाठवला. सरांचं म्हणणं, सही चुकीच्या बाजूला आहे, चालणार नाही, परत घेऊन ये. लग्नाआधी फॉल-पिकोचं सामान आणायला जायचंच आहे, ११० सुट्टे वेगळे काढून ठेवलेत.